निकालाआधीची कैफियत

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन तालुक्यांत, लावणीची दगदग सरून खाचरे हिरवीगार झाल्यावर जेव्हा गणपती येतात, तेव्हा आरती, भजन आणि प्रसाद आटोपल्यानंतर उरलेली रात्र जागवण्यासाठी ओटीवर किंवा पडवीत पत्त्यांचा डाव मांडण्याची रीत जुनी आहे. कुठे बदाम सात, कुठे पाच-तीन-दोन, कुठे रमी, आणि चार जाणती माणसे जमली तर मेंढीकोट. मेंढीकोटात 52 पाने चौघांत 13-13 अशी वाटली जातात, समोरासमोरचे दोघे भिडू होतात, आणि चार दश्श्यांपैकी, म्हणजे मेंढ्यांपैकी, अधिक मेंढ्या ज्यांच्या हातांत येतील त्यांची सरशी होते. चारही एकाच बाजूला गेल्या तर समोरच्यांवर कोट चढतो. खेळ वरवर सोपा दिसतो. परंतु कोणते पान केव्हा उतरायचे, हुकूम केव्हा मारायचा आणि भिडूने टाकलेल्या एका साध्या सत्तीवरून त्याच्या हातात काय उरले असेल ते कसे ताडायचे, यात स्मरण, गणित आणि मनुष्यस्वभावाचे ज्ञान या तिन्ही गोष्टींची कसोटी लागते.

डाव संपला की मग चर्चा सुरू होते. किलवर किती गेले ते मोजले नाहीस का, हुकूम बाहेर असताना राणी कशी टाकलीस, मी दुर्री उतरलो त्याचा अर्थ तुझ्या ध्यानात कसा आला नाही, असे प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटतात, आणि पुढचे पत्ते पिसून होईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला नसतो. खेळाची खरी विद्या या चर्चेत दडलेली आहे, असे माझे मत आहे. तरीही वर्षानुवर्षे ती ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा खेळ आहे तेथेच राहतो. चर्चेला बसणारी माणसे बुद्धीने उणी असतात म्हणून हे घडते असे नाही. चर्चेचा आरंभच निकालापासून होतो, आणि एकदा कोण जिंकला हे ठाऊक झाले की जिंकलेल्याचे प्रत्येक पान शहाणपणाचे आणि हरलेल्याचे प्रत्येक पान मूर्खपणाचे ठरवण्याकडे मनाचा ओढा सहजच होतो.

हा प्रश्न आता ओटीपुरता राहिलेला नाही. आसनगावला किंवा वाशिंदला लोकल पकडणारा तरुण, किंवा गावाला लोहमार्ग नसल्यामुळे मुरबाडहून एसटीने कल्याण गाठणारा विद्यार्थी, प्रवासाच्या वेळात मोबाइलवर जे वाचतो त्यात बुद्धिबळाचे विवेचन असते, तसे पोकर या पत्तेखेळाचेही असते. आणि देशोदेशींचे खेळाडू तेथे आपापले डाव मांडून त्यांची चिकित्सा करीत असतात. अशा मंडळीत बसून कोणाला किती शिकता येईल, हे मंडळीच्या थोरवीपेक्षा शिकणाऱ्याने तिच्यापुढे काय ठेवले यावर अधिक अवलंबून असते.

मात्र पुढे जाण्यापूर्वी पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मुंबई इलाख्यात 1887 साली झालेल्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते, आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हापासून कौशल्य आणि दैव यांची सीमारेषा कोठे आखावी हा वाद न्यायालयांत चालत आला. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला आणि ज्याला 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता हा भेदच बाजूला सारला आहे: खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, तो ऑनलाइन पैसे लावून चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. पण ज्या घरात कर्ज झाले त्या घराला हे समाधान अपुरेच आहे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने पैसा देण्याची सोय या मुलुखाला लवकर परिचित झाली. तिने बाजारहाट सुलभ केला. परंतु हातातली नोट मोजून देताना जी एक जाणीव होते ती पडद्यावरच्या आकड्याने होत नाही, आणि जुगाराचा सारा धंदा त्या जाणिवेच्या अभावावर चालतो. म्हणून येथे जो खेळ मी समजावून सांगणार आहे तो चिंचोक्यांवर खेळण्याचा आहे. त्यापासून मिळवायची ती विचाराची शिस्त. त्यात उत्पन्न शोधू नये.

पोकरचा जो प्रकार आज सर्वाधिक अभ्यासला जातो त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, आणि मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात: प्रथम तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूने चिंचोके लावायचे, दुसऱ्याने लावले असतील तर तितके भरायचे, वाढवायचे, किंवा पाने टाकून डाव सोडायचा. स्वतःची दोन आणि मधली पाच अशा सातांतून उत्तम पाच ज्याची, त्याला मधला ढीग मिळतो. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. येथे समोरच्याची दोन पाने कायम अंधारात असतात. 52 पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात. आपली दोन आणि मधली पहिली तीन दिसल्यावरही समोरच्याच्या हाती 1,081 जोड्यांपैकी कोणतीही एक असू शकते. त्याने कधी, किती आणि कोणत्या क्रमाने चिंचोके लावले यावरून या जोड्यांतल्या असंभाव्य जोड्या हळूहळू गाळत जाणे हे या खेळाचे मर्म होय. ‘त्याच्याकडे राजाच आहे’ असे छातीठोक सांगणारा खेळाडू बहुधा अद्याप पहिल्या इयत्तेतच असतो.

आता एक डाव तपशिलाने पाहू. आपल्या हाती बदामाची दोन पाने आहेत आणि मधल्या तीन पानांत आणखी दोन बदाम आले आहेत. पाचवा बदाम आला तर आपला हात जिंकेल, न आला तर हरेल, असे सोयीसाठी धरू. ढिगात 100 चिंचोके आहेत आणि समोरच्याने 50 लावले आहेत. म्हणजे 150 जिंकण्यासाठी आपल्याला 50 घालायचे आहेत. घातल्यावर ढीग 200 चा होईल, आणि त्याचा चौथा हिस्सा आपला असल्यामुळे शेकडा 25 हून अधिक वेळा जिंकण्याचा संभव असेल तरच हा सौदा किफायतीचा. न दिसलेली पाने 47, त्यांत बदाम 9. तेव्हा पुढच्या एका पानावर बदाम येण्याचा संभव शेकडा सुमारे 19, आणि पुढची दोन्ही पाने पाहायला मिळाली तर शेकडा सुमारे 35.

या ठिकाणी जिज्ञासू खेळाडू मंडळीला विचारतो: मी 50 भरायला हवे होते की नव्हते? प्रश्न सरळ आहे, पण आतापर्यंत सांगितलेल्या माहितीवर त्याला उत्तरच नाही. समोरच्याने जे 50 लावले ते त्याच्याजवळचे शेवटचे असतील, तर पुढे त्याला आणखी काही मागता येणार नाही, दोन्ही पाने फुकट पाहायला मिळतील, संभव शेकडा 35 चा होईल, आणि भरणे योग्य ठरेल. असा डाव पुन्हा पुन्हा आला तर सरासरीने दर डावाला 20 चिंचोके पदरात पडतील. उलट त्याच्यापुढे अजून मोठी रास शिल्लक असेल आणि पुढच्या पानावर तो पुन्हा जबर मागणी करील असे दिसत असेल, तर आपल्याला हिशेब एकाच पानाचा धरावा लागतो, संभव 19 चा राहतो, आणि भरण्यात दर डावाला सरासरी 12 चिंचोक्यांची खोट येते, जोपर्यंत बदाम आल्यानंतर त्याच्या राशीतून ती खोट भरून काढता येण्याची सबळ आशा नाही तोपर्यंत. पाने तीच, ढीग तोच, मागणी तीच; समोरच्याजवळ किती शिल्लक होते हा एकच तपशील गाळला, आणि सल्ला उफराटा झाला. आता अशा अर्धवट सांगितलेल्या डावावर दहा जणांनी दहा मते दिली, त्यांतले निम्मे एक परिस्थिती गृहीत धरून बोलले आणि निम्मे दुसरी, तर विचारणाऱ्याच्या पदरात गोंधळाखेरीज काय पडणार? मंडळीला दोष देण्यापूर्वी आपली कैफियत पुरी होती का, हे पाहावे.

कैफियत हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जुन्या कचेरीत कैफियत लिहिणारा कारकून घटना घडली त्या क्रमाने सारे नोंदवीत असे: कोण कोठे बसला होता, कोणाजवळ किती होते, कोणी प्रथम काय केले, आणि त्या घटकेला लिहून देणाऱ्याला काय माहीत होते. न्याय देणे हे दुसऱ्याचे काम. खेळाडूनेही आपला डाव मांडताना निर्णयाच्या घटकेपर्यंतच येऊन थांबावे, आणि पुढे काय झाले ते सांगू नये. वरच्याच उदाहरणात समोरच्याजवळचे शेवटचे 50 होते असे समजा. भरणे निःसंशय योग्य. तरीही 100 पैकी 65 वेळा आपण हरणार आहोत. इतकेच नव्हे, तर हाच योग्य निर्णय ओळीने पाच वेळा घेऊन पाचही वेळा हरण्याचा संभव शेकडा जवळजवळ 12 आहे. असा हरलेला डाव शेवटासह सांगितला की ऐकणारे हळहळतात किंवा हसतात, आणि सांगणारा पुढच्या खेपेला योग्य निर्णय सोडून भित्रा होतो. जिंकलेला सांगितला तर तोच निर्णय, चुकीचा असला तरी, सर्वांच्या मनात पक्का बसतो. शेवट कळण्यापूर्वी जे मत दिले जाते तेच मत देणाऱ्याच्या ज्ञानाचे माप असते.

दुसरी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, आणि ती करणारे फार थोडे आढळतात. आपला प्रश्न मंडळीपुढे ठेवण्याआधी, आणि दुसऱ्याच्या प्रश्नावरची उत्तरे वाचण्याआधी, स्वतःचे उत्तर कारणांसह लिहून काढावे. नुसते मनात योजलेले उत्तर फसवे असते. जाणकाराचे मत ऐकताच ‘माझ्याही मनात हेच होते’ असे वाटू लागते, आणि ज्या ठिकाणी आपला विचार लंगडा होता ते ठिकाण कायमचे झाकले जाते. लिहिलेले उत्तर मात्र पालटत नाही. त्यात आपण ढीग मोजायला विसरलो होतो की समोरच्याच्या राशीकडे पाहिलेच नव्हते, हे कागदच दाखवतो. या दृष्टीने पाहता नवशिक्याला प्रश्न विचारण्याहून दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे रचून पाहण्यातच अधिक लाभ आहे. स्वतःच्या हरण्याजिंकण्याचा राग-लोभ तेथे आड येत नाही.

खेळाच्या प्रश्नावर दूरस्थ माणसांनी एकमेकांना शिकवावे ही कल्पना मुळीच नवी नाही. 1654 साली पॅरिसमधला पास्काल आणि तूलूझमधला फर्मा या दोन गणितज्ञांनी, अर्ध्यावर थांबलेल्या खेळातील पणाची रक्कम दोन खेळाडूंत न्यायाने कशी वाटावी या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. फर्माने खेळ पुढे चालला असता तर घडू शकणारे सारे प्रकार मांडून मोजले. पास्कालने शेवटून एकेक पाऊल मागे येत प्रत्येक स्थितीचे मोल ठरवले. दोघांच्या वाटा वेगळ्या, उत्तर एक. संभाव्यतेच्या गणिताचा पाया ज्या पत्रांनी घातला ती पत्रे म्हणजे दोनच सभासदांचे एक अभ्यासमंडळ होते, आणि त्याचे सामर्थ्य यात होते की एकाने दुसऱ्याचे उत्तर निमूटपणे स्वीकारले नाही. आपल्या वाटेने जाऊन पडताळले.

आपल्या परंपरेत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने आली आहे. महाभारताच्या वनपर्वात, द्यूतात राज्य घालवून बाहुक या नावाने सारथी झालेला नल राजा ऋतुपर्णाला घेऊन विदर्भाकडे रथ हाकीत असताना, ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे एक दृष्टी टाकून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. कुंडिनपुराला पोहोचण्याची घाई असतानाही नल रथ थांबवतो, झाड तोडतो आणि स्वतः मोजतो. संख्या जुळल्यावरच तो त्या विद्येची याचना करतो, आणि बदल्यात आपली अश्वविद्या देऊ करतो. ऋतुपर्ण त्याला फाशांचे रहस्य देतो आणि आपल्याला मिळायची विद्या तूर्त नलापाशीच ठेव म्हणून राहू देतो. हे झाड कथाकाराने उगाच निवडलेले नाही. प्राचीन काळी द्यूताचे फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा जो विलाप आहे तो याच फाशांना उद्देशून आहे. माहुलीच्या आणि माळशेजच्या परिसरातील जंगलांत बेहडा आजही उभा आहे, हिरड्याबरोबर औषधासाठी गोळा होतो आणि त्रिफळेत पडतो. शिकणाऱ्याने या कथेतून दोन गोष्टी घ्याव्या असे मला मनापासून वाटते. एक, कितीही मोठ्या माणसाने आकडा सांगितला तरी तो मोजून घ्यावा, आणि मोजण्यात त्याचा अवमान होतो असे मानू नये. दुसरी, घेणाऱ्याजवळ देण्यासारखे काही असावे. मुरबाडचा मुलगा खेळात नवा असेल, पण शेकडेवारीचा हिशेब तो नीट करू शकत असेल, तर जुन्या खेळाडूंच्या चर्चेतले आकडे तपासून देणे हीच त्याची अश्वविद्या.

स्वतः पडताळून घेण्याची गरज यंत्रांच्या युगातही संपलेली नाही. 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी घडवलेला लिब्राटस हा संगणक-कार्यक्रम चार धंदेवाईक पोकर खेळाडूंविरुद्ध 20 दिवस, 1,20,000 डाव खेळला आणि स्पष्टपणे जिंकला. दिवसभर प्रतिस्पर्धी ज्या प्रकारच्या मागण्यांनी त्याला अडचणीत आणत, त्या जागा वेचून तो रात्री त्यांचाच हिशेब नव्याने करी. आजचे अभ्यासू खेळाडू अशाच गणकयंत्रांची उत्तरे एकमेकांना दाखवतात. त्यांत धोका एवढाच की यंत्र ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. आणि उत्तर पाठ करणारा खेळाडू परिस्थितीत थोडा फरक पडताच हतबल होतो. यंत्राला विचारण्याआधीही स्वतःचे उत्तर कागदावर असावे, हा नियम म्हणून सुटत नाही.

शेतीशाळेची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. 1989 साली इंडोनेशियात, भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या प्रादुर्भावानंतर, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने जी शेतकऱ्यांची शाळा सुरू झाली, तिचे रूप पुढे अनेक देशांत पसरले आणि महाराष्ट्राच्या कृषी विभागानेही ते स्वीकारले. तिच्यात शेतकरी प्रथम बांधावर जाऊन रोप, कीड, मित्रकिडे आणि पाणी यांचे निरीक्षण करतात, पाहिलेले चित्राने कागदावर उतरवतात, आपल्या गटात निर्णय ठरवतात आणि मग तो इतरांपुढे कारणांसह मांडतात. मार्गदर्शकाला कोणी ‘ही कीड कोणती’ असे विचारले, तर त्याने चटकन नाव सांगण्याऐवजी ‘ती कोठे सापडली, काय खात होती’ असे उलट विचारावे, असा तेथील संकेत आहे. भात पिकवणाऱ्या आमच्या तालुक्यांत राब भाजून पेरणी कधी करावी, पहिल्या सरीवर विसंबावे की थांबावे, हे निर्णयही अपुऱ्या माहितीवरच घ्यावे लागतात, आणि तेथेही एका वर्षी पाऊस लांबला म्हणून योग्य विचार केलेल्या शेतकऱ्याला गाव वेडा ठरवते. त्याने पेरणीच्या दिवशी काय पाहिले, काय ऐकले आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे लिहून ठेवले असते तर त्याच्या अनुभवाचा पुढच्या वर्षी इतरांना उपयोग झाला असता.

ज्यांना असे मंडळ गावात चालवायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. मंडळ पाच-सहा जणांहून मोठे नसावे, आणि एका बैठकीत एकच डाव घ्यावा. वीस डावांवरून वरवर हात फिरवण्यापेक्षा एकाच डावातल्या चारही टप्प्यांवर थांबून समोरच्याच्या हाती काय काय असू शकेल हे गाळत जाण्यात संध्याकाळ सहज सरते. एक वही ठेवावी, तिच्यात खेळाडूंच्या बसण्याच्या जागा, राशी, ढीग आणि मागण्या क्रमाने लिहाव्या, निर्णय आणि त्याचे कारण स्वतंत्र रकान्यांत घालावे, आणि निकालाचा रकाना चर्चा पुरी होईपर्यंत कोरा राखावा. महिना-दोन महिने एकाच प्रकारचे प्रसंग घेतले, उदाहरणार्थ वर सांगितलेला चार बदामांचा, तर तो प्रसंग पुन्हा उद्भवल्यावर हात आपोआप ढीग मोजू लागतो.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या क्रमाची. आमच्या गावांत वडीलधाऱ्यांचा मान मोठा आहे आणि तो असावाच. पण अण्णांनी किंवा आबांनी एकदा आपले मत उच्चारले की त्यांच्यापुढे वेगळे बोलायला धाकट्यांची जीभ उचलत नाही, आणि पाच जणांच्या मंडळात एकाच डोक्याने विचार होतो. म्हणून प्रत्येकाने आपला निर्णय प्रथम चिठ्ठीवर लिहावा, चिठ्ठ्या एकदम उघडाव्या, आणि मग सर्वांत धाकट्याने आपले कारण आधी सांगावे, सर्वांत जाणत्याने शेवटी. जाणत्याला यात एक आगळा लाभ आहे: आपल्याला जे वर्षानुवर्षे उघड वाटत आले ते नव्या माणसाला नेमके कोठे अडते, हे त्याला चिठ्ठीवर लिहिलेले मिळते, आणि पुढच्या बैठकीत कोणता डाव घ्यायचा हे त्यावरूनच ठरवता येते.